नॉर्मल असतं, मोठी आई

“एवढी शिकलेली बाई, साइन्स शिकवे पोरींले, अन् स्वतःचं दुखणं कोणाले बोलली नाही.”

तेरवीचा दिवस होता. अकोल्याच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराशी, पाण्याच्या ग्लासांचा ट्रे धरून मी उभी होते. आत दोन शेजारणी माझ्याकडे पाठ करून कणीक मळत होत्या, त्यांतली एक दुसरीला हे म्हणाली. दुसरीनं परातीतला हात न थांबवता उत्तर दिलं, “बाया अंगावर काढतातच न वं. शिकलेल्या अजून जास्त. त्यायले लाज जास्त राहते.” बोलण्यात वाकडेपणा काही नव्हता. दोघी सकाळी सातपासून आमच्याकडे राबत होत्या आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. मी ट्रे घेऊन तशीच बाहेरच्या खोलीत गेले, पाहुण्यांना पाणी दिलं, रिकामे ग्लास गोळा केले. परत येईपर्यंत त्यांचा विषय बदलला होता.

मोठी आई म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. तिला जाऊन आता दीड महिना झाला. या दीड महिन्यात ते वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलं, कधी हळहळीनं, कधी उपदेशासारखं, कधी नुसतं सुस्कारा टाकताना. कोणाले बोलली नाही. दर वेळी मी गप्प राहिले. ते वाक्य खरं नाही, हे मला माहीत होतं. ती बोलली होती. मला बोलली होती.

तिचं नाव नलिनी. अकोल्यात मुलींच्या एका मराठी शाळेत ती तीस वर्षं विज्ञान शिकवत होती. मोठे बाबा वकील. त्यांची एकुलती मुलगी, पल्लवीताई, नोकरीसाठी पुण्याला गेल्यावर तिची खोली रिकामी झाली, आणि मला डॉक्टर व्हायचं आहे असं आमच्या घरात ठरलं होतं. (कोणी ठरवलं ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण मी नाही म्हटलं नव्हतं.) वऱ्हाडातली डॉक्टर व्हायला निघालेली पोरं क्लाससाठी अकोल्याला येतात. माझ्या बॅचमध्ये मोर्शीची होती, बाळापूरहून रोज बसनं येणारी होती. मीही दहावीनंतर दोन बॅगा आणि एक टेबल लॅम्प घेऊन अमरावतीहून तिथं गेले. बाकीच्या पोरींना हॉस्टेलची मेस होती, मला मोठी आई होती.

मी इंग्रजी शाळेत शिकले. घरी आई-बाबा मराठीच बोलायचे, पण ते जेवलीस का, दप्तर भरलंस का, एवढ्यापुरतं मराठी. त्याच्यापुढचं सगळं माझ्या डोक्यात इंग्रजीत व्हायचं. शिवाय अमरावतीला आमच्याकडे ‘शुद्ध’ बोलायची शिस्त होती. त्यामुळे अकोल्याच्या घरात पहिले काही महिने निम्मं बोलणं माझ्या कानावरून जायचं. मला विचारायची लाज वाटे. मी मान हलवायची. समजलं तरी हलवायची, नाही समजलं तरी हलवायची. समोरचा माणूस समाधानानं निघून जायचा. लहानपणापासून मी याच युक्तीवर जगत आले होते, आणि लोक मला समजूतदार म्हणत.

एकदा मोरीचा नळ गळायला लागला. मोठ्या बाबांनी कोर्टात निघता निघता प्लंबरचा नंबर मला तोंडी सांगितला. मराठी आकडे, दोन-दोनच्या जोड्यांत, वकिली वेगानं. एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन, ते मला कळेना. मी मान हलवली आणि मनाला येईल तो आकडा लिहिला. दुपारी मोठ्या आईनं त्या नंबरवर फोन लावला. “भाऊ, सकाळपासून गळून राहिलं हो, थांबतच नाही,” ती म्हणाली. पलीकडून काही विचारणा झाली. तिच्या कपाळाला आठी पडली. “कितव्या वेताची म्हणजे?” मग तिनं फोनवर हात ठेवला आणि ओट्याला टेकून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. फोन एका गुरांच्या डॉक्टरला लागला होता. तो बिचारा म्हैस कितव्या वेताची आहे, चारा खाते का, असं रीतसर विचारत होता.

हसणं आवरल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. “केतू, समजलं नाही त ‘नाही समजलं’ म्हणाव वं बाई. मान कावून हलवतं? मान हलवणाऱ्या पोट्टीले काय येते अन् काय येत नाही, हे मास्तरणीले कधीच समजत नाही.”

मी मान हलवली.

आमचा अभ्यास दुपारी चालायचा. तिची शाळा सकाळची, माझा क्लासही सकाळचा. जेवून, जरा आडवं होऊन, तीनच्या सुमाराला ती जेवणाच्या टेबलाशी काही तरी निवडायला, सोलायला घेऊन बसायची आणि म्हणायची, “चाल, शिकव मले.” तिची अट एकच होती. पुस्तक मिटायचं. ती नववीतली पोट्टी आहे असं समजायचं आणि तिला कळेल असं सांगायचं. इंग्रजी शब्द चालेल, “पण मग तो शब्द कापून आतून दाखव.” हे मला फार जड जायचं. मी लिहिण्यात पहिली होते. बारावीच्या सराव परीक्षेत माझ्या आकृत्या सरांनी वर्गात फिरवल्या होत्या, आणि त्याच परीक्षेच्या तोंडी भागात, समोर ठेवलेल्या फुलाकडे बघत मी पाच मिनिटं गप्प उभी राहिले होते. फुलाचं कुळ, गोत्र, सगळं मला येत होतं. तोंड उघडलं नाही, इतकंच. बोर्डाच्या प्रॅक्टिकलला असं झालं तर काय, ही धास्ती मला होती. तिलाही होती, पण तिनं ती कधी दाखवली नाही.

जानेवारीत बाजारात ओल्या तुरीच्या शेंगा आल्या. मी ‘मार्जिनल प्लासेंटेशन’ची व्याख्या धडाधड म्हणून दाखवली. तिनं एक शेंग उभी चिरल्यासारखी उघडून माझ्यापुढे धरली. “हे पाह्य. दाणे कुठी चिकटले आहेत? एकाच शिवणीले न? दुसरी शिवण रिकामी. झालं तुह्यं मार्जिनल. आता हेच मले पुन्हा सांग, पण शेंगेकडे पाहून. माह्याकडे पाहू नको, मी तुले खात नाही.” मी शेंगेकडे बघून सांगितलं. दाणे वाटीत पडत गेले, संध्याकाळी त्यांची आमटी झाली, आणि प्लासेंटेशनचे बाकीचे प्रकार टोमॅटो, काकडी असं करत आम्ही आठवडाभर खाल्ले.

मराठी विज्ञानातले शब्द मला आधी विनोदी वाटायचे. मायटोकॉन्ड्रियाला तंतुकणिका म्हणतात हे तिनं सांगितलं तेव्हा मी हसले होते. ती रागावली नाही. म्हणाली, “तुह्यं मायटोकॉन्ड्रिया काय आकाशातून पडलं? तिकडच्या भाषेत ‘मायटो’ म्हणजे धागा, अन् ‘कॉन्ड्रिया’ म्हणजे कण. त्यायनंही तंतुकणिकाच म्हटलं न? फरक इतकाच, की माह्या पोरींले नाव ऐकलं की दिसते, अन् तुले पाठ करा लागते.” मी त्या दिवशी खोलीत जाऊन पुस्तकातल्या शब्दांच्या बाजूला पेन्सिलीनं मराठी शब्द लिहायला सुरुवात केली. दुहेरी फलन. पेशीपटल. विकर. हळूहळू मला बोलता येऊ लागलं. अर्धं इंग्रजी, अर्धं तिचं, मधेच तिच्यासारखा ‘पाह्य’ पण यायचा. जानेवारीच्या शेवटी मी दुहेरी फलन एका दमात समजावून सांगितलं, तर ती स्वयंपाकघराकडे तोंड करून, तिथं कोणी नसताना, म्हणाली, “ऐकलं काय? बोलून राहिली पोट्टी.”

मग मानवी प्रजननाचा धडा आला. क्लासमध्ये सरांनी तो “सोपा आहे, घरी वाचून घ्या” म्हणून सोडून दिला होता. मागच्या बाकावरची मुलं उगाच खोकली, मुली वह्यांत डोकं घालून बसल्या. घरी मात्र मोठी आई तो धडा कांद्यासारखा सोलत बसली. पलीकडच्या खोलीत मोठ्या बाबांची वाट बघत पक्षकार बसलेले, आणि ही आपली रोजच्याच आवाजात ‘अंडाशय, अंडवाहिनी, गर्भाशय’ म्हणतेय. मी कुजबुजत होते. “हळू कावून बोलतं? चोरीचं आहे काय?” असं तिनं विचारलं. इंग्रजीत मला लाज वाटत नसे, हे मी तिला सांगू शकले नाही. युटेरस हा शब्द मला कोणाच्या शरीरातला वाटत नसे, तो आकृतीत असे, बाण काढून दाखवायचा. गर्भाशय म्हटलं की तो एकदम घरातल्या बायकांना असे.

तिला लाज नव्हती असं मी इतके दिवस समजत होते. आता वाटतं, ते तितकं खरं नाही. पुस्तकातलं सांगताना ती पुस्तकातले शब्द वापरायची, पण स्वतःचं सांगताना तिच्या आईचे शब्द वापरायची. हा फरक माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला...

फेब्रुवारीतली दुपार होती ती, प्रॅक्टिकलला दहा दिवस राहिलेले. ती लसूण सोलत होती. मी तिला पूर्ण मासिक चक्र समजावलं, कोणत्या दिवशी कोणतं हार्मोन चढतं, कोणतं उतरतं, सगळं न अडखळता. शेवटी मेनोपॉज. क्लासच्या जाड नोट्समध्ये त्यावर चार ओळी होत्या, त्या सांगायला लागले तेव्हा ती सहज म्हणाली, “माह्यं त पाच वर्षांपूर्वीच आटोपलं.” मी टेबलाकडे बघितलं. ती पुढं म्हणाली, “पण आता मधामधात अंगावर जाते वं. दिवाळीपासून. असं कावून होत असन? तुह्या पुस्तकात आहे काय काही?”

अंगावर जाते. हा शब्दप्रयोग मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. काय जातं, कुठून जातं, मला काही कळलं नाही. पण नोट्समधल्या चार ओळींतली एक ओळ होती हॉट फ्लॅशेसबद्दल. मेनोपॉजच्या वयात बायकांना अंगावरून गरम लाट गेल्यासारखं वाटतं, अशी. अंगावर. जाते. मला ते इतकं चपखल बसलेलं वाटलं की आनंद झाला. पहिल्यांदाच मोठी आई मला खरोखर काही विचारत होती, नववीतली पोट्टी होऊन नव्हे. आणि मला उत्तर येत होतं. मी मान हलवली नाही, तिच्याकडे सरळ बघितलं आणि मोठ्यानं, स्पष्ट, जशी ती मला शिकवत आली होती तशी म्हणाले, “नॉर्मल असतं, मोठी आई. नोट्समध्ये दिलंय. इस्ट्रोजेन कमी होतं ना, म्हणून. काही वर्षं होतं आणि मग आपोआप थांबतं.”

“असं काय?” ती म्हणाली. लसणाची सालं तिनं तळहातानं एका बाजूला सारली. “बरं झालं बाप्पा, तुले विचारलं. नाही त उगीच जाऊन बसा डॉक्टरीणबाईकडे. डॉक्टर त घरातच तयार होऊन राहिली माही.”

ते शेवटचं वाक्य मी कितीतरी आठवडे जपून ठेवलं होतं. परीक्षेला जाताना रिक्षात मनाशी म्हणून बघायची. प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी माझ्यासमोर स्लाइड ठेवली आणि मी बोलले, थांबले नाही. लेखी पेपरही चांगला गेला. बोर्डात बायोलॉजीला त्र्याण्णव मिळाले आणि मोठ्या आईनं शाळेत पेढे वाटले. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत मात्र माझे गुण पुरले नाहीत. मी अमरावतीला परत येऊन बी.फार्मला प्रवेश घेतला. निघताना ती म्हणाली, “औषध देणारा बी माणूस लागतेच न. डॉक्टरचं अक्षर वाचाले कोणी तरी हुशार पाहिजे.”

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती शाळेत फळ्यासमोर चक्कर येऊन पडली. रक्त इतकं कमी झालं होतं की डॉक्टरांनी आधी ते चढवलं आणि मग बाकीच्या तपासण्या केल्या. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर. पुढं नागपूर, ऑपरेशन, केमो, किरणं. तो बाहेर पसरलेला होता. माझी आई तेव्हा तिच्यासोबत दवाखान्यात होती. तिनं मला फोनवर सांगितलं, डॉक्टरांनी विचारलं की ब्लीडिंग केव्हापासून आहे, तर म्हणे मागच्या दिवाळीपासून. आणि मग विचारलं, इतके महिने कोणाला सांगितलं कसं नाही? “तर वहिनी म्हणाल्या, नाही जी, कोणालेच नाही बोलली. बघ ना, एवढ्या शिकलेल्या...”

‘दिवाळीपासून’ या शब्दापाशी मला काही तरी टोचलं होतं, हे मी मान्य करते. हा शब्द मी कुठं तरी ऐकला होता. पण मी त्या टोचण्याच्या मागं गेले नाही. दुसऱ्या दिवशी माझी सेशनल परीक्षा होती आणि मी अभ्यासाला बसले.

जानेवारीत कॉलेजचं सात दिवसांचं शिबिर मोर्शी तालुक्यातल्या एका गावात होतं. चहूकडे संत्र्याच्या बागा, शाळेच्या दोन खोल्यांत आमचा मुक्काम. आम्हाला तिथल्या आशाताईंसोबत घरोघरी जाऊन बायकांच्या आरोग्याचे फॉर्म भरायचे होते. दुसऱ्याच घरी अंगणात पाच-सहा जणी जमलेल्या. मी एका म्हाताऱ्या आजींसमोर बसून छापील प्रश्न वाचत होते. वय किती, मुलं किती, पाळी बंद होऊन किती वर्षं झाली... आणि पुढचा प्रश्न होता, ‘त्यानंतर अंगावरून जाते का?’ मी तो वाचला. आजींना नीट ऐकू आलं नसावं, म्हणून मीच समजावून सांगितलं, “म्हणजे आजी, अंगावरून गरम वाफा जातात का?”

अंगणातल्या सगळ्या एकदम हसल्या. आजी तर तोंडाला पदर लावून पुढं-मागं झुलत होत्या. “वाफा? माय वं! मी काय चुलीवरचं भाताचं गंज आहे काय पोरी, वाफा जाले?” एक जण म्हणाली, “शहरातली आहे वं ती, तिले काय सांगतं.” आशाताईंनाही हसू आवरत नव्हतं. पण त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात सांगितलं, “रक्त, मॅडम. अंगावर जाणं म्हणजे रक्त जाणं. लाल जाते का, पांढरं जाते का, असं विचारतात. पाळी बंद झाल्यावर लाल दिसलं की मी लगेच नाव लिहून घेतो अन् दवाखान्यात धाडतो. हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. हा नाही चुकवायचा.”

आजी म्हणाल्या, “नाही जात बाई. लिही, काहीच जात नाही.” मी ‘नाही’वर खूण केली. त्या दिवशी मी आणखी चार घरं केली. ते फॉर्म मी नंतर काढून बघितले. अक्षर अगदी नीट आहे.

त्यानंतर मी अकोल्याला गेले ती एकदम उन्हाळ्यात, आईसोबत. मधे मला जाता आलं असतं, पण मी गेले नाही. मोठी आई समोरच्या खोलीत दिवाणावर पडून होती. कूलरच्या वाऱ्यात तिचे उरलेले केस हलत होते. आई आत चहा करायला गेली तेव्हा आम्ही दोघीच राहिलो. मी बसमध्ये सगळी वाक्यं तयार केली होती, मराठीत, पाठ करून. “मोठी आई,” मी म्हणाले, “मागच्या वर्षी, माझ्या प्रॅक्टिकलच्या आधी, तू मला एक विचारलं होतंस...”

“कधी?”

“दुपारी. लसूण सोलत होतीस.”

“मी त रोजच लसूण सोले.” ती माझ्याकडे बघत होती. “मले नाही आठवत वं काही.”

“मेनोपॉजचं सांगत होते मी, तेव्हा...”

“केतू,” ती म्हणाली, “तुले बायोलॉजीत किती होते?”

“नाइन्टी थ्री.”

“मराठीत सांग.”

मला दोन क्षण लागले. “त्र्याण्णव.”

“पाह्य. येते तुले.” आणि तिनं डोळे मिटले. जिला तीस वर्षांपूर्वीच्या विद्यार्थिनींचे हजेरी क्रमांक आठवायचे, जिला माझे गुण पक्के आठवत होते, तिला ती एक दुपार आठवत नव्हती. मला कळलं. नागपूरच्या डॉक्टरांनी ते लक्षण म्हणजे काय, हे सांगितलं असेल, तेव्हाच तिनं ती दुपार पुन्हा आठवून पाहिली असेल. मी काय ऐकलं आणि कशाचं उत्तर दिलं, हे तिच्याइतकं लवकर दुसऱ्या कोणाला कळलं असतं? चुकीचं उत्तर कुठून आलं, हे शोधायची तिला तीस वर्षांची सवय होती. आणि ते कळूनच ती डॉक्टरांना म्हणाली होती, कोणालेच नाही. चहा आला. मला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायचं टाळता आलं असतं, पण तसं वाटलं होतं.

ती पोळ्याच्या दोन दिवस आधी गेली.

गेल्या रविवारी मी पुन्हा अकोल्याला होते. पल्लवीताईची रजा संपत आली आहे, पुण्याला जायच्या आधी तिला आईचं कपाट आवरायचं होतं. सगळ्या साड्या आम्ही गच्चीवर उन्हात टाकल्या. शाळेच्या सुती साड्याच जास्त, काहींच्या पदराला खडूचे डाग अजून आहेत. उन्हं उतरायला लागली तशा आम्ही दोघी एकेक साडी घडी करायला लागलो. दोन टोकं ताईकडे, दोन माझ्याकडे. ताणायची, झटकायची, दुमडायची, मग चालत एकमेकींजवळ यायचं, टोकं एकीच्या हाती द्यायची आणि खाली वाकून दुमड उचलून पुन्हा मागं जायचं. मोठे बाबा कठड्याजवळ खुर्ची टाकून बसले होते.

मग ताई म्हणाली, “मी रोज फोन करत होती तिले, केतू. रोज. भाजी काय केली, शाळेत कोण काय बोललं, सगळं सांगे. तिनं हेच नाही सांगितलं.” साडी झटकताना तिचे हात जरा जोरात चालले. “मी कशी मुलगी असन, की आईले मले एवढं सांगावंसं नाही वाटलं?”

“मले तरी कुठी सांगितलं,” मोठे बाबा म्हणाले. ते आमच्याकडे बघत नव्हते. “तीस-पस्तीस वर्षं एका घरात राहिलो. लोकायच्या पोटातलं काढून घेतो मी कोर्टात. घरच्या माणसाचं नाही काढता आलं. तिचा माह्यावर भरोसाच नसन.”

मी साडीची टोकं धरून उभी होते. ‘कोणालेच नाही बोलली’ हे एक वाक्य तिनं माझ्यासाठी बोलून ठेवलं होतं आणि शेवटपर्यंत ते बदललं नव्हतं. ते मोडलं तर तिनं केलेलं मी मोडत होते. नाही मोडलं, तर या घरात, या दोघांच्या मनात, ती कायमची लपवणारी बाई होऊन राहणार होती. कोणावर भरवसा न ठेवणारी. आणि ती तशी नव्हती. तिनं जेवणाच्या टेबलाशी बसून, दिवसाउजेडी, आपल्या रोजच्या आवाजात विचारलं होतं.

ताई चालत माझ्याजवळ आली. मी माझी टोकं तिच्या हातात दिली, पण खाली वाकले नाही. इंग्रजीत सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं, हे मला त्या क्षणीही कळत होतं. मोठ्या बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी म्हणाले,

“ताई, मोठ्या आईनं लपवलं नाही. पाळी गेल्यावर तिला रक्त जात होतं, आणि ते तिनं मला मागच्या वर्षी फेब्रुवारीतच विचारलं होतं. तिचा शब्द मला कळला नाही. तरी मी उत्तर दिलं.”